खिडकी ते कोनाडा

दादा : मधलं पुन्हा सांग, पोरी. पहिलं कळलं, तिसरं कळूनही नको आहे. मधल्यापाशी माझं घोडं अडतंय.

लिफ्टवाली : सांगते काका. पण त्याआधी मला एक सांगा. हॉलभर या एवढ्या छोट्या गाड्या, रूळ बदलायचे एवढे सांधे. कुठली गाडी कुठे आहे, हे आत्ता कोण बघतं?

बाळ्या : आम्हीच बघतो मॅडम. डोळ्यांनी.

लिफ्टवाली : आणि गाडी डोंगरात शिरली की?

दादा : तोंडाने.

लिफ्टवाली : तोंडाने म्हणजे?

बाळ्या : असं बघा. हॉल काटकोनात वळलाय. या टोकाला खिडकी स्टेशन, ते मी सांभाळतो. त्या टोकाला कोनाडा स्टेशन, ते दादाचं. दोन्हींच्या मध्ये हा डोंगर आणि डोंगरातून एकच रूळ. जायलाही तोच, यायलाही तोच. मला गाडी पाठवायची असली की मी इथून ओरडतो, "देऊ?" दादा तिकडून ओरडतो, "घेतली!" मगच मी गाडी सोडतो. त्याला पाठवायची असली की तो "देऊ" विचारतो आणि मी "घेतली" म्हणतो. उत्तर येईपर्यंत चाक हलवायचं नाही. एकतीस वर्षांचा नियम आहे.

दादा : तेहतीस. बघितलंस? हा हल्ली असा विसरतो.

बाळ्या : तेहतीस.

लिफ्टवाली : पण डोंगर थेट छतापर्यंत कशाला नेलात? जरा बुटका केला असता तर एकमेकांना दिसला असतात.

दादा : रद्दी संपेना म्हणून. खाली अडतीस वर्षं छपाईचं मशीन चालवलं मी. चुकलेल्या प्रश्नपत्रिका, पडलेल्या उमेदवारांची पत्रकं, सगळं खळीत बुडवून एकावर एक थापत गेलो. या डोंगराच्या पोटात सहा पुढारी आहेत.

बाळ्या : सात. तो चष्मेवाला धरून.

दादा : हे बरं लक्षात राहतं तुझ्या. हं, बोल पोरी. मधलं.

लिफ्टवाली : तिन्ही एकदमच सांगते, म्हणजे तुलना होईल. एक. सगळा कारभार कॉम्प्युटरकडे. प्रत्येक इंजिनात नखाएवढी चिप बसवायची. वेळापत्रक कॉम्प्युटरला द्यायचं. तोच गाड्या सोडेल, तोच सांधे फिरवेल, तोच थांबवेल. तुम्ही दोघं खुर्चीत.

दादा : आणि करायचं काय खुर्चीत?

लिफ्टवाली : बघायचं. तीन नंबरला प्रत्येक गाडीचा लगाम तुमच्या फोनमध्ये. गाडी जिकडे जाईल तिकडे फोन घेऊन तिच्यामागे चालायचं.

दादा : आमच्या दोघांत मिळून गुडघे चार आणि त्यातला धड एक. खोड ते.

लिफ्टवाली : खोडलं. आता मधला. गाड्या तुम्हीच चालवायच्या, आहेत त्याच बटणांनी. फक्त रुळाचे चौदा तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची वीज वेगळी मोजायची. इंजिन ज्या तुकड्यात असेल तो वीज खातो, म्हणजे कॉम्प्युटरला कळतं की इथे कुणीतरी आहे. पडद्यावर तो तुकडा लाल होतो. लाल तुकड्यात दुसरी गाडी घालायला गेलात तर तिला वीजच मिळणार नाही. जागेवर उभी राहील.

दादा : असं सांग की सरळ. म्हणजे हा नुसता राखणदार.

लिफ्टवाली : बरोबर. मी लिफ्ट दुरुस्त करते ना, तिथेही हेच असतं. लिफ्टला डोळे कुठे असतात? पण आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे तिला ठाऊक असतं. आणि दार लागल्याची खबर आल्याशिवाय ती हलत नाही. तुमचंच "देऊ-घेतली" आहे ते, फक्त आमच्याकडे कुणी ओरडत नाही.

बाळ्या : मॅडम, माझं मत विचाराल तर पहिलंच घेऊ या.

दादा : काय?

बाळ्या : म्हटलं, पहिलं घेऊ. सगळं कॉम्प्युटरकडे. एकदाच काय तो त्रास.

दादा : तू म्हणतोस हे? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीस. सेलवरचं घड्याळ दुकानात आलं तर त्याच्याकडे चोरासारखं बघायचास. आणि आता गाड्या कॉम्प्युटरच्या पदरात घालायला निघालास?

बाळ्या : वय झालं दादा.

दादा : तुझं झालं असेल. पोरी, मी खरं काय ते सांगतो. हा सगळा घाट मी याच्यासाठी घातलाय. तीन रविवारांपूर्वी याने पिवळी आणि मालगाडी समोरासमोर आणल्या.

लिफ्टवाली : पिवळी कुठली?

दादा : ही काय, दोन डब्यांची. हिचं नाक बघ कसं चेपलंय. आमची पहिली गाडी. बाळ्याने पितळेचा पत्रा कापून केली आणि रंग मी दिला.

लिफ्टवाली : झालं काय नेमकं? लिफ्ट अडकली की मी आधी हेच विचारते. शेवटचं बटण कोणी दाबलं?

दादा : मी. पण याला विचारून. पिवळी खिडकीवरून निघते, डोंगरातल्या खाणीपर्यंत जाते आणि परत खिडकीलाच येते. कोनाड्याला येतच नाही, म्हणजे मला ती दिसत नाही. त्या दिवशी ती आत अडकली होती. मी मालगाडीसाठी विचारलं, "देऊ?" हा म्हणाला, "घेतली." मी सोडली. आत धाडकन आवाज. आपली गाडी आत आहे हे साफ विसरून गेला हा!

लिफ्टवाली : तुम्ही विसरलात, काका?

बाळ्या : विसरलो असेन. होतं तसं हल्ली.

दादा : मी रागावलो नाही हो. पण काळजी वाटतेच ना. म्हणून म्हटलं, याच्या बाजूला काहीतरी राखणदार बसवावा. म्हणजे हा विसरला तरी बिघडणार नाही, आणि याला आपला रविवार सोडावाही लागणार नाही. मला तर मधलंच बरं वाटतंय. तारा किती लागतील?

लिफ्टवाली : सांध्यांच्या किती आहेत त्यावर ठरेल. मोजलेल्या आहेत?

दादा : मोजतो आत्ता. त्या भिंतीवरच्या पेटीत आहेत सगळ्या. बसा तुम्ही.

लिफ्टवाली : मीही येते, काका.

बाळ्या : मोजू द्या त्याला. मॅडम, बसा जरा. माझं ऐका. मधलं नको. पहिलंच गळी उतरवा त्याच्या.

लिफ्टवाली : अहो, हळू बोला. काका चार पावलांवर आहेत.

बाळ्या : पाठ आहे ना त्याची.

लिफ्टवाली : पाठ असली म्हणून काय झालं?

बाळ्या : दादा! छताला आग लागली रे!

लिफ्टवाली : अहो!

बाळ्या : बघितलंत? मोजतोय अजून. तोंड समोर असलं की सगळं कळतं त्याला. पाठ फिरली की संपलं. अडतीस वर्षं ते मशीन कानाशी धडधडत होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

लिफ्टवाली : दोन वर्षं? मग डोंगरापलीकडून तुमचं "देऊ" त्यांना ऐकू कसं येतं?

बाळ्या : नाही येत. वेळापत्रक आहे ना आमचं, त्यानेच छापलेलं. त्याच्या टोकाला घड्याळ आहे, माझ्या टोकाला आहे, दोन्ही मीच लावतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी गाडी असली की मी बरोबर त्याच मिनिटाला ओरडतो. सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. त्याला अंधुकसा काहीतरी आवाज लागतो, वेळ झालेली असते, तो म्हणतो "घेतली." त्याने "देऊ" विचारलं की मी लगेच काहीतरी ओरडतो, तो "घेतली" समजतो. छान चालतं.

लिफ्टवाली : आणि त्या रविवारी?

बाळ्या : पिवळी आत अडकली. मी ओरडलो, "थांब! थांब! थांब!"

लिफ्टवाली : आणि त्यांनी ते "घेतली" म्हणून घेतलं.

बाळ्या : त्याची काय चूक त्यात?

लिफ्टवाली : पण मग सगळा दोष तुम्ही स्वतःवर का घेतलात?

बाळ्या : मी विसरभोळा ठरलो तर माझं काय जातं? घरात हिने रोज सकाळी शब्दकोडं पुढ्यात टाकायला सुरुवात केलीय, एवढंच. पण दादाला कळलं की आपल्याला "थांब" ऐकू आलं नाही, तर तो पुन्हा त्या खुर्चीत बसायचा नाही. ओळखतो मी त्याला. छापखान्यात एका ओळीत दोनदा चूक झाली, त्याच दिवशी त्याने मशीनला कुलूप घातलं. मला गाड्यांचं काही नाही हो. मला दादा हवाय त्या टोकाला. कॉम्प्युटर सगळं करायला लागला की कुणालाच ओरडावं लागणार नाही. मग कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही, प्रश्नच मिटला.

लिफ्टवाली : मिटला नाही काका. तुम्ही त्यावर पांघरूण घालताय.

बाळ्या : घालतोय. दोन वर्षं घालतोय. तुम्ही ओढू नका, एवढंच.

दादा : एक्काहत्तर! एक्काहत्तर तारा, आणि दोन कशाच्या आहेत देव जाणे. काय बाळ्या, काय कुजबुज चाललीय?

बाळ्या : काही नाही. चिपा किती लागतील ते विचारत होतो.

लिफ्टवाली : काका, माझ्याकडे बघा. मी एकदम काही सांगणार नाही. आधी एकदा तुम्ही नेहमी चालवता तसं चालवून दाखवा. काम कसं चालतं ते बघितल्याशिवाय मी कुणालाच यंत्र सुचवत नाही.

दादा : हे आवडलं मला. ये माझ्या बाजूला. बाळ्या, अकरा दहाची घे.

(धाकटा भाऊ बाळ्या खिडकीपाशी जातो. दादा आणि लिफ्टवाली डोंगराला वळसा घालून कोनाड्याशी.)

बाळ्या : देऊ?

दादा : घेतली! बघितलंस? असा चालतो आमचा कारभार. आता सहा मिनिटांत इथून बाहेर पडेल बघ. काय बघतेस तिकडे?

लिफ्टवाली : तुमचं घड्याळ.

दादा : बाळ्याने दिलेलं. वर्षात अर्धं मिनिटसुद्धा मागे पडत नाही. आली बघ. ही इथे उभी करायची, हा सांधा असा फिरवायचा, आणि आता माझी मालगाडी तिकडे. अकरा वीस. देऊ?

बाळ्या : थांब रे दादा! माझा चष्मा रुळावर पडलाय!

दादा : घेतली म्हणाला. सोडतो.

लिफ्टवाली : काका, थांबा. बटणावरचा हात काढा.

दादा : का गं?

लिफ्टवाली : ते "घेतली" म्हणालेच नाहीत.

दादा : मग काय म्हणाला?

लिफ्टवाली : त्यांचा चष्मा रुळावर पडलाय.

दादा : मला तर... चष्मा? नक्की?

लिफ्टवाली : नक्की. तोच शोधतायत ते.

दादा : बाळ्या! ए बाळ्या! इकडे ये.

बाळ्या : आलो, आलो. काय झालं? मॅडम, तुम्ही काही बोललात का?

दादा : तिच्याकडे नको बघूस. माझ्यासमोर उभा राहा. उजेडात. तोंड दिसू दे तुझं. त्या रविवारी तू काय म्हणाला होतास?

बाळ्या : घेतली म्हणालो होतो. विसरलो मी—

दादा : चष्म्याशिवाय तुला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. काय म्हणाला होतास?

बाळ्या : थांब म्हणालो होतो.

दादा : किती वेळा?

बाळ्या : तीन.

दादा : तीन वेळा.

बाळ्या : डोंगर जाड आहे दादा. कुणालाही आलं नसतं ऐकू.

दादा : हिला आलं. इथेच उभी आहे ही, माझ्या खांद्याला खांदा लावून.

लिफ्टवाली : काका, बसा जरा.

दादा : बसतो. लोकांचं ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे रे. मूर्ख नाही मी. तोंडं बघून ओळखतो, नाहीतर हसून वेळ मारून नेतो. भाजीवाला काही म्हणाला की हो म्हणतो आणि पिशवीत घरी जे निघेल ते खातो. पण मला वाटायचं, बाकी कुणाचं नाही तरी तुझं येतं. रविवारी इथे आलो की म्हणायचो, कान एवढेही गेलेले नाहीत, बाळ्याची हाक डोंगर ओलांडून येते अजून. आठवडाभर तेवढ्यावर काढायचो. आणि तू काय करत होतास? घड्याळ बघून ओरडत होतास?

बाळ्या : हो.

दादा : कधीपासून?

बाळ्या : येत्या महिन्यात दोन वर्षं होतील.

दादा : आणि मी तुझ्या बायकोला जाऊन सांगितलं की हा विसरायला लागलाय, लक्ष ठेव!

बाळ्या : माहीत आहे. आज उभे सहा, आडवे नऊ शब्द सुटले.

दादा : हसू नकोस. मला राग आलाय. फार राग आलाय तुझा.

बाळ्या : येऊ दे. पण ही खुर्ची सोडू नकोस.

दादा : कसा बसू आता? तू तीनदा थांब म्हणतोस आणि मी गाडी सोडतो. पिवळीचं नाक चेपलं माझ्या हाताने. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मीच त्याला उठवलं असतं. पोरी, याचं म्हणणं बरोबर आहे. पहिलंच बसव. सगळं कॉम्प्युटरला दे. आम्ही बसू खुर्चीत बघत.

लिफ्टवाली : नाही बसवणार.

दादा : म्हणजे?

लिफ्टवाली : माझं मत विचारायला बोलावलंत ना मला? मग ऐका. तुमच्या बावीस इंजिनांपैकी नऊ अशी जुनी आहेत की त्यांत चिप मावणारच नाही. पिवळी तर नाहीच नाही. पहिला प्रकार घेतलात तर ती कपाटात जाईल. आणि दुसरं, बिघाड कुठे आहे ते मला आता कळलंय. तो तुमच्या हातात नाही, घड्याळात नाही, सांध्यांत नाही. एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचत नाही, एवढाच आहे. एका निरोपासाठी अख्खी लिफ्ट बदलत नाहीत, काका.

बाळ्या : मग काय करतात?

लिफ्टवाली : दिवा लावतात.

दादा : कसला दिवा?

लिफ्टवाली : मधला प्रकार घ्यायचा, राखणदारवाला. त्यात हे सहज बसतं. दोन्ही टोकांना एकेक दिवा आणि एकेक बटण. बाळ्याकाकांनी "देऊ"चं बटण दाबलं की तुमच्याकडचा दिवा उघडझाप करेल. तुम्ही "घेतली"चं बटण दाबलंत की दोन्हीकडे दिवा स्थिर होईल, आणि तेव्हाच रुळात वीज येईल. आत पिवळी अडकली असेल तर कितीही दाबा, स्थिर होणारच नाही. म्हणजे "थांब" कुणी ओरडायलाच नको. रूळच सांगेल.

दादा : त्याच्याही टोकाला दिवा?

लिफ्टवाली : दोन्हीकडे सारखाच.

दादा : माझ्या एकट्याला नको. माझी सोय म्हणून काही लावायचं असेल तर मी निघालो.

लिफ्टवाली : दोन्हीकडे, असं म्हटलं ना मी. हे चष्मा शोधतात रुळावर, त्यांनाही राखणदार हवाच आहे.

बाळ्या : हे मात्र खरं.

दादा : आणि मोठा लाव. नाहीतर लावशील मुंगीच्या डोळ्याएवढा.

लिफ्टवाली : आत्ता पिशवीत काय आहे बघू. हे घ्या, लिफ्टच्या मजल्यांचे जुने दिवे. चांगले मुठीएवढे आहेत. फक्त यावर दोनचा आकडा आहे आणि यावर चारचा.

दादा : आकडा असू दे. आजच लागेल?

लिफ्टवाली : राखणदार आज नाही लागणार. तुकडे पाडायचे, मोजणाऱ्या पेट्या मागवायच्या, महिना जाईल. पण नुसते दिवे आणि बटणं तासाभरात लावते, सेलवर. तोवर गाडी आत आहे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

बाळ्या : तार डोंगरावरून टाकावी लागेल. शिडी आणतो.

दादा : तू नको चढूस, चष्मा नाही तुझ्याकडे. मी धरतो शिडी, ती चढेल. आणि बाळ्या.

बाळ्या : काय?

दादा : आता ते घड्याळ बघून देणं बंद. वेळापत्रक फाडून टाक. मनात येईल तेव्हा गाडी दे. खरंच विचार मला.

बाळ्या : फाडत नाही. तू छापलेलं आहे. पण बघणार नाही त्याच्याकडे.

दादा : आणि घरी गेलास की तिला सांग, शब्दकोडं बंद.

बाळ्या : ते राहू दे. आवडायला लागलंय.

लिफ्टवाली : तार धरा कुणीतरी. हं. ही आली पलीकडे. अजून थोडी सैल सोडा... झालं. बाळ्याकाका, हा घ्या तुमचा चष्मा, रुळावरच होता. तुमच्या जागेवर जा. काका, तुम्ही तुमच्या. चारचा दिवा तुमचा. घड्याळाकडे पाठ करून बसा म्हणजे मोह नको.

दादा : बसलो. पिवळी सोडायला सांग त्याला. चेपलेल्या नाकाची असली तरी तीच. आणि आज खाणीवरून परत नाही न्यायची, इकडे कोनाड्याला येऊ दे एकदा. दिसू दे मला.

लिफ्टवाली : बाळ्याकाका, पिवळी द्या! थेट कोनाड्यापर्यंत! मनात येईल तेव्हा!

दादा : काय करतोय? अजून नाही लागला.

लिफ्टवाली : थांबा जरा. मनात यायला हवं ना त्यांच्या.

बाळ्या : देऊ?

दादा : लागला! लागला बघ. केवढा चकचकतोय! पोरी, इकडे बघून सांग. त्याने नुसतं बटण दाबलं, की ओरडलाही?

लिफ्टवाली : दोन्ही केलं काका. चांगले जोरात ओरडले.

दादा : घेतली!